रुजलं ते ओळखायचं कसं : जनुक क्लोनिंगच्या पुस्तिकेची प्रस्तावना

कोडोलीच्या चौकात 'जीएम', म्हणजे जनुकबदल, हा शब्द काढला की माणसं मान हलवतात. असलं काही आपल्या पोटात जायला नको, हे मत पक्कं असतं. त्यासाठी कुणी काही वाचलेलं असतं असं नाही. हीच माणसं २०२१ साली लसीकरण केंद्राबाहेर रांगेत उभी होती आणि त्यातल्या बहुतेकांच्या दंडात गेली ती कोविशील्ड. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या त्या कुपीवर, लसीच्या लांबलचक शास्त्रीय नावाच्या शेवटी, 'रेकॉम्बिनंट', म्हणजे जोडलेल्या डीएनएची, असा शब्द छापलेला होता. चिंपांझीमध्ये आढळणारा सर्दीच्या कुळातला एक विषाणू घ्यायचा, त्याची शरीरात वाढण्याची क्षमता काढून टाकायची आणि करोनाच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन बनवणारं जनुक डीएनएच्या रूपात त्याच्यात बसवायचं, अशी ती लस. चौकात ज्याला मान हलते तेच हे तंत्र.

लस सोडा. गावातल्या कुठल्याही औषध दुकानाच्या फ्रीजमधली इन्सुलिनची कुपी हातात घ्या. १० मिलिलिटरची असते, दर मिलिलिटरला ४० युनिट. लेबलवर औषधाच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत 'ह्यूमन, आर-डीएनए ओरिजिन' असं लिहिलेलं दिसेल; हा 'आर' रेकॉम्बिनंटचाच. तान्ह्या बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पेंटाव्हॅलंट लस टोचतात, तिच्यातला 'हिपॅटायटिस बी'चा भागही असाच, यीस्टच्या पेशीकडून बनवून घेतलेला. भारतात ही वाट १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं 'शानव्हॅक-बी' आणून मोकळी केली. पुढे सीरमची 'जीनव्हॅक-बी' आली. चीजची तर गंमतच आहे. दुधाचं चीज धरायला पूर्वी वासराच्या पोटातलं कायमोसिन लागायचं. १९९० साली अमेरिकेनं जिवाणूकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता दिली आणि आज तिथलं बहुतेक चीज जनुकबदलातून बनवलेल्या कायमोसिनवरच धरतं. म्हणजे जनुकबदलाचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्या शाकाहारी माणसाला बिनवासराचं चीज मिळालं ते जनुकबदलामुळेच.

विषय घरात येऊन बसलाय आणि आपली त्याच्याशी ओळख नाही, हे या पुस्तिकेचं निमित्त. जाखले, सातवे, पोखले अशा आजूबाजूच्या गावांतून बी.एस्सी.ला येणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. बारावीला त्यांनी या विषयाचं एक प्रकरण पाठ केलेलं असतं, आकृतीही न चुकता काढता येते. पण 'हे करून झाल्यावर ते झालंय हे कळतं कसं?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या मते सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. म्हणून पुस्तिकेची मांडणी पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं केलेली नाही.

आधी 'क्लोन' या शब्दाची भीती घालवू. क्लोन म्हटलं की लोकांना डॉली मेंढी आठवते, किंवा सिनेमातला एकसारख्या दिसणाऱ्या माणसांचा कारखाना. वारणा खोऱ्यात तर क्लोनिंग दर हंगामाला होतं आणि त्याला कुणी परवानगी मागत नाही. उसाची कांडी लावली की जो ऊस येतो तो मूळ उसाचा क्लोनच. को ८६०३२ चा एक फड कोडोलीत आणि दुसरा शिरोळला असला, तरी दोन्हींचा डीएनए तोच. नवी जात निपजवायची तर उसाला फुलवून, परागीकरण करून बी धरावं लागतं. त्यासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं आंबोलीच्या दमट हवेत आपलं पैदास केंद्र थाटलं आहे. शेतकरी मात्र बियाच्या वाटेला जात नाही. त्याला हवा असतो तोच ऊस, तसाच, पुन्हा. तो बेणं लावतो.

जनुक क्लोनिंगमध्येही एवढंच करायचं असतं. हवा तो डीएनएचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या हुबेहूब नकला वाढवून घ्यायच्या. अडचण अशी की नुसता तुकडा जिवाणूच्या पेशीत टाकला तर तो वाढत नाही. डोळा नसलेलं टिपरू सरीत कितीही दाबलं आणि पाणी दिलं तरी कुजूनच जाणार, इथेही तसंच. डीएनएची नक्कल सुरू व्हायला त्यावर विशिष्ट अक्षरक्रमाची एक जागा लागते, तीच त्याचा डोळा. ही जागा प्लाझ्मिडकडे आयती असते. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य डीएनएपासून सुटं फिरणारं छोटं डीएनएचं कडं. जिवाणू वाढतो तशी त्याचीही नक्कल होत राहते. आपला तुकडा त्या कड्यात बसवला की प्लाझ्मिडबरोबर तोही वाढतो. पाठ्यपुस्तकं या कड्याला 'वाहक' म्हणतात.

कडं उघडायला लागतात ती रिस्ट्रिक्शन एन्झाइम्स. ती माणसानं बनवलेली नाहीत. विषाणूंच्या हल्ल्यापासून वाचायला जिवाणूंनीच ती बाळगली आहेत : परका डीएनए आत शिरला की ठरावीक अक्षरांचा क्रम गाठून तो तोडायचा. वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना या कामासाठी १९७८ चं नोबेल मिळालं. सर्वांत परिचित एन्झाइम इको आर वन. जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की ते पहिल्या जी आणि ए यांच्यामध्ये कापतं. समोरच्या धाग्यावर हाच क्रम उलट दिशेनं असल्यामुळे तिथेही तसंच कापतं आणि दोन्ही टोकांना एएटीटी अशी चार अक्षरं लोंबत राहतात. या चिकट टोकांना समोर तशीच टोकं भेटली की ती एकमेकांना धरतात, मग लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम सांधा पक्का करतं.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. कात्री आणि डिंक! परीक्षेतल्या उत्तरपत्रिकेत ही आकृती रंगीत पेनांनी काढलेली असते आणि तिच्याखाली शेवटी एक ओळ : 'नंतर योग्य पेशी निवडल्या जातात.' या एका ओळीवर आम्ही शिक्षक पूर्ण गुण देतो, आणि तिथेच विषय हातातून निसटतो.

कारण कात्री आंधळी आहे आणि डिंक त्याहून आंधळा. एकाच एन्झाइमनं कापलेली सगळी टोकं सारखीच. लायगेजला आपला हेतू कळत नाही. उघडलेलं कडं बहुतेक वेळा स्वतःलाच चिकटून पुन्हा बंद होतं. कधी दोन कडी एकमेकांना जोडली जातात, कधी तुकडा उलटा बसतो, कधी एकाऐवजी दोन बसतात. त्यानंतर हे मिश्रण जिवाणूंना द्यायचं तर ते सहजी घेत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर ठेवलेल्या पेशींना ४२ अंशांचा क्षणिक चटका दिला की काही पेशींत डीएनए शिरतो. काही म्हणजे अगदी थोड्या. बाकी कोट्यवधी पेशी जशाच्या तशा राहतात. म्हणजे नळीत आता बिनकामाच्या पेशींचा समुद्र आहे आणि त्यात कुठेतरी आपल्याला हवी ती मूठभर मंडळी. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या दिसत नाहीत. या पेशी शोधायच्या कशा, हा खरा प्रश्न, आणि या तंत्राची बुद्धिमत्ता इथे आहे.

नोव्हेंबर १९७२ मध्ये हवाई बेटांवर होनोलुलूला प्लाझ्मिडवरची एक परिषद भरली होती. तिथे स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांची गाठ पडली. बॉयर यांच्याकडे इको आर वन होतं, कोहेन यांच्याकडे प्लाझ्मिडं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्याच पॉल बर्ग यांनी दोन वेगळ्या विषाणूंचा डीएनए नळीत जोडून दाखवला होता. म्हणजे जोडण्याचा मान बर्ग यांचा, आणि १९८० चं नोबेल त्यांना मिळालं ते रास्तच. पण जोडलेलं पेशीत रुजवून, वाढवून, रुजलं आहे हे सिद्ध करून दाखवलं ते १९७३ साली कोहेन आणि बॉयर यांनी. त्यांची युक्ती साधी होती. पीएससी १०१ या प्लाझ्मिडमध्ये टेट्रासायक्लिनला दाद न देण्याचं जनुक होतं. त्यात त्यांनी कानामायसिनला दाद न देण्याचं जनुक असलेला तुकडा बसवला आणि जिवाणू अशा प्लेटवर पसरले जिच्यात दोन्ही औषधं होती. ज्यांना दोन्ही जनुकं मिळाली तेच जगले. शोधायची गरजच उरली नाही. जे नको होतं ते आपोआप मेलं. पुढच्या वर्षी याच मार्गानं आफ्रिकी बेडकाचा डीएनए जिवाणूत वाढवला गेला.

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच सौम्य रूपात चालतं. चटक्यानंतर पेशी लगेच औषधाच्या प्लेटवर टाकायच्या नाहीत. तासभर साध्या ब्रॉथमध्ये ३७ अंशांना ठेवायच्या. नव्यानं मिळालेल्या जनुकावरून अँपिसिलिन तोडणारं प्रथिन बनायला वेळ लागतो. घाई केली तर ज्या पेशी वाचायला हव्यात त्याच मरतात. मग अँपिसिलिनच्या आगारवर पसरायचं आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. वीज गेली नाही तर सकाळी प्लेटवर साबुदाण्याहून लहान ठिपके उमटतात. एक्स-गल हे द्रव्य मिसळलेलं असेल तर काही ठिपके निळे आणि काही पांढरे. प्लाझ्मिडवरच्या एका जनुकाच्या मधोमध आपला तुकडा बसला की ते जनुक बिघडतं आणि निळा रंग धरत नाही. पांढरा ठिपका म्हणजे बहुधा आपला.

बहुधा! मोठ्या कॉलनीच्या भोवती बारक्या कॉलन्यांचं कोंडाळं दिसतं. नवखी मुलं तीच उचलतात, कारण त्या पांढऱ्या असतात आणि सुट्या असतात. पण त्यांच्यात प्लाझ्मिडच नसतं. मधल्या कॉलनीनं भोवतालचं अँपिसिलिन तोडून साफ केलेलं असतं, त्या मोकळ्या जागेत ही मंडळी फुकटात वाढतात. आगार फार गरम असताना औषध घातलं तर औषधच निकामी होतं आणि प्लेटभर साय धरल्यासारखी वाढ होते; ती पाहून प्रयोग भरघोस यशस्वी झाला असं वाटून घेणारेही भेटतात. म्हणून डीएनए न दिलेल्या पेशींची एक प्लेट शेजारी ठेवावीच. तिच्यावर काही उगवता कामा नये. ही मोकळी प्लेट मी भरलेल्या प्लेटच्या आधी बघायला सांगतो. त्यानंतरही पांढरी कॉलनी वाढवून, प्लाझ्मिड काढून, पुन्हा त्याच एन्झाइमनं कापून, जेलवर पळवून तुकड्याची लांबी बघायची. आणि शंकाच नको असेल तर अक्षरं वाचून घ्यायची. तोपर्यंत 'क्लोन मिळाला' असं कुणी म्हणू नये.

मिळाला की मात्र मजा सुरू होते. ई. कोलाय चांगल्या पोषणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. एका पेशीच्या १०७ कोटी पेशी! प्रत्यक्षात अन्न आणि हवा कमी पडून वेग मंदावतो, पण कारखान्यातल्या टाकीत काय घडतं याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

त्या टाकीतून पहिलं मोठं औषध बाहेर पडलं ते इन्सुलिन. १९२० च्या दशकापासून मधुमेहींना गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन मिळत होतं. एक पौंड इन्सुलिनसाठी सुमारे आठ हजार पौंड स्वादुपिंडं लागत. ती कत्तलखान्यातून गोळा करायची, गोठवायची, वाहून न्यायची. काही रुग्णांच्या शरीराला प्राण्यांचं इन्सुलिन मानवतही नसे. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची रचना १९५० च्या दशकातच उलगडली होती : ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३० अशी एकूण ५१ अमिनो आम्लं. मग माणसाचं जनुक उचलून जिवाणूत का टाकलं नाही? तर माणसाच्या जनुकात मधेमधे काही पट्टे असतात जे आपल्या पेशी प्रथिन बनवण्याआधी छाटून टाकतात. जिवाणूला ते छाटता येत नाहीत. बॉयर यांनी १९७६ साली उभी केलेली जेनेन्टेक आणि तिच्याबरोबर काम करणारे सिटी ऑफ होपचे आर्थर रिग्ज व केइची इताकुरा यांनी निराळी वाट धरली. जनुकच रासायनिक पद्धतीनं अक्षर-अक्षर जोडून तयार केलं, दोन साखळ्यांची दोन वेगळी. जनुक रसायनातून बनवता येतं हे हरगोविंद खुराना यांच्या गटानं १९७० सालीच दाखवून दिलेलं होतं. १९७८ मध्ये जिवाणूंनी दोन्ही साखळ्या बनवल्या, त्या नळीत एकत्र आणल्या आणि माणसाचं इन्सुलिन तयार झालं. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झालं.

महाराष्ट्रात या गोष्टीचा धागा औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पोचतो. वोक्हार्टनं २००३ साली 'वोसुलिन' बाजारात आणलं. ते ई. कोलायमध्ये नव्हे तर हान्सेन्युला यीस्टमध्ये बनतं, तेच यीस्ट जे पुण्यात 'हिपॅटायटिस बी'ची लस बनवतं. जिवाणू की यीस्ट, हा कंपनीच्या आवडीचा प्रश्न नाही. जिवाणू स्वस्तात आणि झपाट्यानं वाढतो, पण मोठ्या प्रथिनांच्या घड्या अनेकदा बिघडवतो आणि ती पेशीत गोळा करून ठेवतो. यीस्टची यंत्रणा आपल्या पेशींच्या जवळची आणि बनवलेलं प्रथिन बाहेर सोडायलाही ते तयार. पुस्तिकेतलं चौथं प्रकरण एवढ्याच निवडीवर आहे आणि विद्यार्थ्यांना ते कंटाळवाणं वाटेल याची मला कल्पना आहे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तेच विचारतात.

भीतीचं काय? ती पहिल्यांदा वाटली शास्त्रज्ञांनाच. १९७४ साली पॉल बर्ग आणि सहकाऱ्यांनी पत्र लिहून काही प्रयोग तात्पुरते थांबवण्याचं आवाहन केलं आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला बसून नियम ठरवले. भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आले आणि त्यातून मंजुरी समिती, जीईएसी. पन्नास वर्षांनंतर असं म्हणता येतं की बंद टाकीतल्या कामाबद्दलची तेव्हाची भीती खरी ठरली नाही. इन्सुलिन बनवणारा जिवाणू टाकीतून निसटून जग बुडवायला निघाला नाही. तो इतका लाडावलेला असतो की बाहेर तगणंच मुश्किल. उघड्या शेताची गोष्ट वेगळी आहे, आणि या दोन गोष्टी एकाच मापानं मोजणारे समर्थक आणि विरोधक दोघेही मला सारखेच कंटाळा आणतात.

उघड्या शेताचा आपला अनुभव म्हणजे बीटी कापूस. आमच्या भागात कापूस नाही, म्हणून कोल्हापूरच्या मुलाला हा विषय विदर्भाचा वाटतो. त्याची सुरुवात मराठवाड्यात, जालन्यात झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली होती. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. महिकोनं अमेरिकेहून मोन्सॅन्टोच्या बीटी कापसाचं १०० ग्रॅम बी आणलं, कोकर ३१२ या जातीचं. कोकरच का? कारण ऊतीच्या तुकड्यापासून अख्खं झाड उभं करायला ती जात सोयीची. त्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं क्राय वन एसी हे जनुक बसवलेलं होतं. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात गेलं की आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि अळी खाणं सोडून मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि आतड्यात ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागा नसते, म्हणून आपल्याला त्याची बाधा नाही. जालन्यात त्या कोकरचा आपल्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर करून देशी हवेत चालणारे संकरित वाण तयार झाले. २६ मार्च २००२ रोजी जीईएसीनं मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन वाणांना मंजुरी दिली.

या कापसात आणखी एक जनुक होतं, ज्याची चर्चा क्वचित होते : कानामायसिनला दाद न देण्याचं. शेतात त्याचा काहीच उपयोग नाही. प्रयोगशाळेत कुठल्या पेशीत बीटी जनुक शिरलं हे निवडायला ते बरोबर बसवलं होतं, १९७३ च्या प्लेटवर जसं बसवलं होतं तसंच. निवडीची ती खूण पुढे प्रत्येक झाडात राहून गेली.

आणि मग निवड शेतातच सुरू झाली, फक्त ती करणारे आपण नव्हतो. बीटी आला तो मुख्यतः हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठी. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. बीटीशी गाठ न पडलेल्या तिच्या पिढ्या भोवतालच्या पिकांत टिकून राहतात आणि एखादी चिवट अळी निपजलीच तरी तिचा जोडीदार बहुधा साधा मिळतो. चिवटपणा पातळ होत जातो. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. ती जवळजवळ कापसावरच जगते. सगळीकडे बीटीच लावला तर जगलेली प्रत्येक गुलाबी अळी चिवटच असणार आणि तिची गाठही चिवट अळीशीच पडणार. अँपिसिलिनच्या प्लेटचंच गणित.

हे आधी माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी देत होते. शेताच्या कडेनं ते बी लावायचं, त्यावर साध्या अळ्या पोसू द्यायच्या. शेतकऱ्यानं ती पुडी बांधावर फेकली. त्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्या अळीला मारायला महागाचं बी घेतलं तिलाच जागा राखून ठेव, असं सांगणारा माणूस त्याच्या बांधावर किती वेळा गेला? त्यात आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे, वर पाण्याची सोय असेल तिथे फरदड घेण्याची सवय. अळीला महिनोन्महिने खाणं मिळत राहिलं. क्राय वन एसीबरोबर क्राय टू एबी असं दुसरं जनुक असलेला बोलगार्ड टू २००६ पासून आला. गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही हे २०१० साली मोन्सॅन्टोनंच जाहीर केलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात दोन जनुकांच्या कापसाचीही बोंडं फोडली की आत अळी निघू लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले.

म्हणून 'बीटी फसला का?' या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. हिरव्या अळीविरुद्ध तो चालला. गुलाबीविरुद्ध काही वर्षं चालला आणि मग आपण ज्या रीतीनं तो वापरला तिनं त्याला संपवलं. जनुक तेच होतं. ते ज्या शेतीव्यवस्थेत सोडलं तिचा विचार मंजुरीच्या कागदावर होता, बांधावर नव्हता.

बीटी वांग्याच्या वेळी चित्र उलटं होतं. नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. तेच जनुक बसवलेलं वांगं बांगलादेशानं २०१३ मध्ये मंजूर केलं. इकडे १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारा, मंजुरी नसलेला एचटीबीटी कापूस जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. शेतकरी या तंत्राला घाबरतो असं गृहीत धरणाऱ्यांनी तो दिवस लक्षात ठेवावा. आणि तंत्र शेतकऱ्याला हवं आहे म्हणजे ते तपासायची गरज नाही, असं मानणाऱ्यांनी बांधावर फेकलेली ती पुडी.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगतो. जनुकात जागच्या जागी दुरुस्ती करणारं क्रिस्पर इथे फक्त शेवटी डोकावतं. ते स्वतंत्र पुस्तकाचं काम आहे आणि क्लोनिंगची पायरी चढल्याशिवाय ते कळत नाही. नळीतच डीएनएच्या नकला काढणाऱ्या पीसीआरलाही एकच प्रकरण दिलंय. आकृत्या कमी आणि फसलेल्या प्लेटची वर्णनं जास्त आहेत. परीक्षेच्या दृष्टीनं हा तोटा समजावा.

शेवटचं प्रकरण उसाचं आहे आणि ते मुद्दाम मोकळं सोडलंय. इंडोनेशियानं २०१३ मध्ये दुष्काळ सोसणाऱ्या जनुकबदल उसाला मान्यता दिली, ब्राझीलनं २०१७ मध्ये खोड पोखरणाऱ्या अळीविरुद्धच्या बीटी उसाला. भारतात व्यापारी पातळीवर पिकतो तो अजून एकटा कापूस. जनुकबदल मोहरीचं प्रकरण न्यायालयात आहे. उद्या वारणा खोऱ्यात बीटी उसाचा विषय निघाला तर कापसाची चर्चा जशीच्या तशी उचलून चालणार नाही. ऊस आपल्याकडच्या शेतात क्वचितच बी धरतो, तेव्हा परागातून जनुक पसरण्याची धास्ती कमी. उलट त्याचं बेणं एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे, पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे, ट्रॉलीतून जातं. त्याला ना पाकीट, ना पुडी, ना पावती. कापसात निदान कडेच्या बियाण्याची पुडी हातात देता येत होती. उसात ती कुठे ठेवणार? साध्या उसाचा वेगळा पट्टा कुणी, कोणाच्या रानात आणि कोणाच्या खर्चानं राखायचा? लागवडीची नोंद कारखान्याच्या शेती खात्याकडे असते, गटनंबरासकट. मग ही जबाबदारी शेती खात्याची, की बेणं देणाऱ्याची, की मंजुरी देणाऱ्या समितीची? या प्रकरणाखाली मी उत्तर लिहिलेलं नाही, प्रश्नांच्या खाली चार कोऱ्या ओळी सोडल्या आहेत.

कोडोली, ता. पन्हाळा